विमानवाहू आरमारांची तुलना : जपान व अमेरिका

दोन राष्ट्रांच्या आरमारांची तुलना करावयाची म्हटली म्हणजे आपण प्रथम काय करतों? त्यांचीं जहाजें मोजतों. एकाकडे दहा, दुसऱ्याकडे सात. म्हणून दहावाला बलवान व सातवाला दुर्बळ. शाळेंतील मुलांपासून वर्तमानपत्रांतील पंडितांपर्यंत सर्वांना ही रीत पसंत पडते, कारण तिला बेरीज-वजाबाकीपलीकडे कांहीं लागत नाहीं. मी स्वतः इतिहासाच्या तासाला पुष्कळ वर्षें हीच रीत वापरीत असें.

ती सोडावयास मला एका विद्यार्थ्यानें लाविलें. आपल्या आरमारांतून निवृत्त झालेलें ‘विक्रांत’ हें विमानवाहू जहाज २००१ सालापासून २०१२ सालापर्यंत मुंबईच्या बंदरांत संग्रहालय म्हणून उभें होतें. त्या काळांत एकदां सातवीच्या मुलांना घेऊन मी तें पाहावयास गेलों. जहाजाची लांबी किती, रुंदी किती, विमानें किती, ही सारी माहिती मीं घडाघडा सांगितली. तेव्हां मागच्या रांगेंतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, एवढ्याशा जागेवर विमान उतरवायला शिकतात तरी कुठं? आणि शिकतांना चुकलं तर?” मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें वाचन करतां करतां असें ध्यानांत आलें कीं, दुसऱ्या महायुद्धांतील जपान व अमेरिका या दोन आरमारांच्या झुंजीचा बराचसा इतिहास त्या मुलाच्या प्रश्नांतच सांठविलेला आहे. तो आज थोडक्यांत आपणांपुढें मांडतों.

विमानवाहू जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारा विमानतळ. वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट डेक, खालीं विमानें ठेवण्याची व दुरुस्त करण्याची कोठी, आणि विमानें वर-खालीं नेणारे पाळणे. उतरतांना विमानाच्या शेपटीखालचा आंकडा डेकवर आडव्या ताणलेल्या तारेंत अडकतो आणि विमान थांबतें. अडकला नाहीं, तर पुढें समुद्र आहेच. मोठ्यांत मोठ्या युद्धनौकेच्या तोफेचा गोळा पंचवीस-तीस मैलांपलीकडे पोंचत नसे. या जहाजावरचें विमान मात्र दोनशें मैलांवर जाऊन शत्रूवर बाँब किंवा टॉर्पेडो टाकून परत येई. तोफेच्या राज्याचा अंत या एका फरकांत होता. पण तें फार थोड्यांना आधीं उमगलें.

ज्यांना उमगलें त्यांत जपान अग्रभागीं होता. मुद्दाम विमानवाहू म्हणूनच बांधलेलें जगांतील पहिलें जहाज ‘होशो’ हें जपाननें १९२२ सालच्या डिसेंबरांत आरमारांत दाखल केलें. अमेरिकेनें त्याच वर्षीं कोळसा वाहणारें एक जुनें जहाज बदलून त्याचें ‘लॅंग्ले’ हें विमानवाहू बनविलें. त्याच १९२२ सालच्या वॉशिंग्टन करारानें अमेरिका व ब्रिटन यांना विमानवाहू जहाजांसाठीं प्रत्येकी १,३५,००० टन, तर जपानला ८१,००० टन इतकी मर्यादा घालून दिली. संख्या कमी मिळाली, तेव्हां जपाननें गुणावर भर दिला. वैमानिक थोडे घ्यावयाचे, परंतु ते असामान्य असावयाचे, असें तेथील धोरण ठरलें. साबुरो साकाई या प्रख्यात जपानी वैमानिकानें आपल्या आठवणींत म्हटलें आहे कीं, १९३७ सालच्या त्याच्या तुकडीसाठीं दीड हजार उमेदवारांतून सत्तर निवडले गेले, आणि त्यांपैकीं अवघे पंचवीस शेवटपर्यंत टिकले. एवढ्या बारीक चाळणींतून जे पडले ते अर्थातच हिऱ्यासारखे होते.

१९४१ सालच्या डिसेंबरांत दोन्ही पक्षांची स्थिति काय होती तें आतां पाहूं. जपानजवळ सहा मोठीं विमानवाहू जहाजें होतीं : आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू, शोकाकु आणि झुइकाकु, शिवाय कांहीं लहान. अमेरिकेजवळ मोठीं सात. पण तीं दोन महासागरांत विभागलेलीं असून पॅसिफिकमध्यें फक्त तीन होतीं. याहून महत्त्वाचा फरक निराळाच होता. अमेरिका आपलीं विमानवाहू जहाजें एकेकटीं हिंडवीत असे. जपाननें आपलीं सहाही एका सेनापतीच्या हाताखालीं एकत्र आणून शेंकडों विमानें एकाच वेळीं एकाच लक्ष्यावर सोडण्याचा अभ्यास केला होता. ७ डिसेंबर रोजीं पर्ल हार्बरवर या सहा जहाजांवरून दोन लाटांत साडेतीनशेंच्या वर विमानें गेलीं. जपानचीं विमानें गमावलीं केवळ २९. अमेरिकेच्या युद्धनौकांची दाणादाण उडाली; पण तिचें एकहि विमानवाहू जहाज त्या सकाळीं बंदरांत नव्हतें.

चार महिन्यांनीं याच ताफ्यांतील पांच जहाजें आपल्या हिंदी महासागरांत आलीं. ५ एप्रिल १९४२ रोजीं कोलंबोवर हल्ला झाला, आणि त्याच दिवशीं ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या ब्रिटिश क्रूझर नौका बुडाल्या. दुसऱ्या दिवशीं एका निराळ्या तुकडींतील ‘र्यूजो’ या लहान जहाजावरच्या विमानांनीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब टाकले. ९ तारखेस त्रिंकोमालीवर हल्ला होऊन ‘हर्मीस’ हें ब्रिटिश विमानवाहू जहाज लंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ बुडालें. त्या वेळीं त्याच्यावर त्याचें स्वतःचें एकहि विमान नव्हतें. विमानाविना विमानवाहू जहाज किती दीनवाणें असतें याचा तो पहिला पाठ. अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांनीं आपल्या मंदगतीच्या युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे धाडल्या, आणि उरलेल्या दोन विमानवाहू जहाजांसह ताफ्याचा वेगवान भाग मुंबईच्या बंदरांत आणिला. त्या आठवड्यांत जगांतील कोणतेंहि आरमार जपानच्या त्या ताफ्यासमोर उघड्या समुद्रांत दिवसाढवळ्या उभें राहूं शकलें नसतें. तुलना तेथेंच थांबविली तर निकाल स्पष्ट आहे. परंतु तुलना तेथें थांबवावयाची नसते.

आतां दोन जहाजांची हकीकत ऐका. ७ व ८ मे १९४२ रोजीं कोरल समुद्रांत लढाई झाली. दोन्ही बाजूंच्या जहाजांनीं एकमेकांना डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, आणि तरीहि एकमेकांचा संहार केला, अशी ही इतिहासांतील पहिली नाविक लढाई. तींत अमेरिकेचें ‘लेक्सिंग्टन’ बुडालें, आणि ‘यॉर्कटाउन’ बाँबनें जखमी झालें. जपानच्या ‘शोकाकु’ला तीन बाँब लागले, ‘झुइकाकु’ला मात्र ओरखडाहि उठला नाहीं. पण त्याचीं विमानें व वैमानिक पुष्कळच खर्चीं पडले होते. ‘यॉर्कटाउन’ २७ मे रोजीं पर्ल हार्बरच्या गोदींत शिरलें. महिनोन्‌महिने लागतील अशी दुरुस्ती कामगारांनीं रात्रंदिवस खपून तीन दिवसांत निभावून नेली. कमी पडलेलीं विमानपथकें ‘साराटोगा’ या दुसऱ्या जहाजाचीं घेऊन त्यावर चढविलीं, आणि ३० तारखेस तें पुन्हां समुद्रावर निघालें. इकडे ‘झुइकाकु’ धडधाकट असूनहि जपानच्या बंदरांत पडून राहिलें. एका जहाजाचें पथक दुसऱ्यावर चढविण्याची जपानी आरमाराची चाल नव्हती. पथक ज्या जहाजाचें त्याचेंच. तेव्हां नवीन वैमानिक येऊन तयार होईपर्यंत जहाजानें थांबणें प्राप्त झालें.

याचा परिणाम काय झाला? ४ जून १९४२ रोजीं मिडवे बेटाजवळ चार जपानी विमानवाहू जहाजांसमोर तीन अमेरिकन उभीं राहिलीं. ‘झुइकाकु’ येतें आणि ‘यॉर्कटाउन’ न येतें, तर हाच सामना पांचांस दोन असा झाला असता.

मिडवेची कथा अनेकांनीं सांगितली आहे, म्हणून ती विस्तारानें सांगत नाहीं. अमेरिकेनें जपानचा गुप्त संकेत उलगडला होता, त्यामुळें शत्रु कोठें व केव्हां येणार याची तिला अटकळ होती. सकाळीं अमेरिकेचीं टॉर्पेडो-विमानें पुढें गेलीं व जवळजवळ नष्ट झालीं. ‘हॉर्नेट’वरील एका पथकाचीं पंधराच्या पंधरा विमानें पडून तीस जणांपैकीं एकटाच जिवंत राहिला. नंतर साडेदहाच्या सुमारास उंचावरून सूर मारणारीं बाँबर विमानें आलीं, आणि कांहीं मिनिटांत आकागी, कागा व सोर्यू पेटलीं. सायंकाळीं हिर्यूचीहि तीच गत झाली. बंद कोठ्यांत पेट्रोल भरलेलीं विमानें व बाँब जवळजवळ होते, आणि आग विझविण्याचें शिक्षण कांहीं ठराविक माणसांनाच दिलेलें होतें. तीं माणसें मेलीं, कीं बाकीचे हताश. ‘यॉर्कटाउन’वर निराळा प्रकार घडला. ‘लेक्सिंग्टन’ हें पेट्रोलच्या वाफांचा स्फोट होऊन बुडालें होतें. तो धडा घेऊन एका महिन्याच्या आंत ‘यॉर्कटाउन’वर पेट्रोलच्या नळ्यांत कार्बन डायऑक्साइड वायु भरून ठेवण्याची युक्ति अमलांत आली होती. दुपारीं लागलेली आग खलाशांनीं इतक्या लवकर आटोक्यांत आणिली कीं, जपानी विमानांची दुसरी लाट आली तेव्हां तिनें त्याला दुसरेंच नवें जहाज समजून पुन्हां हल्ला केला. तें अखेर ७ जूनला बुडालें खरें. पण मरतां मरतां त्यानें दुसऱ्या दोन जहाजांच्या वांटचा मार स्वतः खाल्ला.

मिडवेला जपानचे उत्तम वैमानिक संपले, अशी समजूत अजूनहि पुष्कळांची आहे. पण ती बरोबर नाहीं. तेथें जपानचीं तीन हजारांवर माणसें मेलीं. त्यांत वैमानिक व त्यांचे विमानांतील सोबती मिळून ११० च्या सुमारास होते. बहुतेक वांचले होते. ते संपले त्यानंतरच्या महिन्यांत, सॉलोमन बेटांच्या लांबलचक झटापटींत. २६ ऑक्टोबर १९४२ रोजीं सांताक्रूझ बेटांजवळील लढाईंत जपाननें ‘हॉर्नेट’ बुडवून विजय मिळविला. परंतु त्या विजयांत जपानचे दीडशेंच्या घरांत विमानचर मेले, म्हणजे मिडवेच्या पराभवांत मेले त्यांहून अधिक! पुढें १९४३ सालीं विमानवाहू जहाजांवरील वैमानिक जमिनीवरच्या तळांवर धाडून तेथेंहि खर्चीं घालण्यांत आले. जपानी आरमारांत वैमानिकाला लढाईवरून परत बोलावून शिकविण्याच्या कामावर लावण्याची पद्धत रूढच झाली नाहीं. तो पडेपर्यंत लढे. त्याचें ज्ञान त्याच्याबरोबर समुद्राच्या तळाशीं जाई.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. विमान उतरवावयास शिकतात कोठें, आणि चुकलें तर? अमेरिकेनें याचें मोठें व्यावहारिक उत्तर शोधलें. युद्ध चालू असतां समुद्रावरचें जहाज शाळेसाठीं अडकवून ठेवणें परवडत नव्हतें, आणि किनाऱ्याजवळ पाणबुड्यांचें भय होतें. तेव्हां तिनें शिकागो शहराजवळच्या मिशिगन सरोवरांत उतारूंना सफरीला नेणाऱ्या दोन जुन्या आगबोटी घेतल्या. दोन्ही कोळशावर चालणाऱ्या, बाजूस मोठालीं चाकें असलेल्या. वरचे सारे मजले कापून त्यांवर सपाट डेक ठोकलें, आणि ‘वुल्व्हरिन’ व ‘सेबल’ अशीं त्यांचीं नांवें ठेविलीं. त्यांवर विमानांची कोठी नव्हती, चिलखत नव्हतें. लढाईला त्यांचा कांहींएक उपयोग नव्हता. परंतु १९४२ पासून युद्धाच्या अखेरपर्यंत सतरा हजारांहून अधिक वैमानिक त्या दोन आगबोटींवर उतरावयास शिकले. पुढें १९८९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश हेहि त्यांतलेच एक. चुकणारे चुकत. शंभरावर विमानें त्या सरोवरांत बुडालीं. पण शाळा चालूच राहिली.

आणि शिक्षक कोण? लढाईवरून आलेले अनुभवी वैमानिक. कांहीं महिने लढाईवर काढले, कीं त्यांना स्वदेशीं बोलावून नव्या उमेदवारांसमोर उभें करीत. शत्रूचें ‘झीरो’ विमान कसें वळतें, त्याच्याशीं घिरट्यांची स्पर्धा कां करूं नये, जोडीदाराची पाठ कशी राखावी, हें ते डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत. १९४३ या एका वर्षांत अमेरिकेच्या आरमारानें वीस हजारांहून अधिक वैमानिक तयार केले. यांत एकहि साकाई नसेल कदाचित्‌. पण प्रत्येकजण पुरेसा चांगला होता, आणि त्याच्यामागून दुसरा येत होता.

याचा निकाल १९ व २० जून १९४४ रोजीं फिलिपीन समुद्रांत लागला. अमेरिकेचीं पंधरा विमानवाहू जहाजें व नऊशेंच्या आसपास विमानें. जपानचीं नऊ जहाजें व त्यांच्या निम्म्याच्या आसपास विमानें. संख्या तर विषम होतीच, पण वैमानिकांतील अंतर त्याहून मोठें होतें. अमेरिकन तरुण दोन वर्षें शिकून आला होता. जपानी तरुणांपैकीं कित्येकांचें शिक्षण दोन ते सहा महिन्यांचें. ज्या तावी-तावी बेटाजवळ जपानी ताफा थांबला होता तेथें सोईचा विमानतळ नसल्यामुळें त्यांचा उरला-सुरला सरावहि बुडाला होता. पहिल्याच दिवशीं जपानचीं तीनशेंच्या सुमारास विमानें पडलीं. अमेरिकेचीं तीसच्या आसपास. ‘ताइहो’ या नव्या कोऱ्या जपानी जहाजाला एकच टॉर्पेडो लागला. पण पेट्रोलच्या वाफा जहाजभर पसरल्या, आणि कांहीं तासांनीं स्फोट होऊन तें बुडालें. ‘लेक्सिंग्टन’चा धडा शत्रूच्या जहाजावरून शिकण्याची संधि तरी जपानला कोठें होती? पण मिडवेच्या आगींचा स्वतःचा धडा होता. तोहि पुरता उतरला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं अमेरिकन विमानें फार दूरवर हल्ला करून अंधारांत, पेट्रोल संपत आलेलें असतां परत येऊं लागलीं. रात्रीं दिवा लावणें म्हणजे पाणबुड्यांना बोलावणें. तरीहि अ‍ॅडमिरल मिट्‌शर यांनीं साऱ्या ताफ्याला दिवे लावण्याचा हुकूम दिला. ऐंशीच्या आसपास विमानें समुद्रांत पडून वा आपटून नाश पावलीं. पण त्यांतील बहुतेक माणसें त्या रात्रीं व पुढच्या दिवसांत पाण्यांतून वेंचून घेतलीं. जहाजें धोक्यांत घालून माणसें वांचविलीं. कारण माणूस परत आला तर उद्यां लढेल, आणि परवां शिकवील.

चार महिन्यांनीं, ऑक्टोबर १९४४ मध्यें, लेयते आखाताच्या लढाईंत जपाननें आपलीं चार विमानवाहू जहाजें केवळ आमिष म्हणून पुढें केलीं. चौघांवर मिळून सव्वाशेंहि विमानें नव्हतीं. २५ तारखेस ‘झुइकाकु’ बुडालें. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकीं तें शेवटचें. त्याच लढाईंत विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळून मरणाऱ्या तरुणांचीं पथकें प्रथम निघालीं. विमान उतरवावयास शिकविण्याची आतां जरुरीच उरली नव्हती. एका शिक्षकाला याहून भयंकर वाक्य उच्चारावें लागत नसेल. युद्धाच्या अखेरीस ‘कात्सुरागी’सारखीं नवीं विमानवाहू जहाजें जपानच्या बंदरांत विमानपथकाविना उभीं होतीं. युद्ध संपल्यावर परदेशीं अडकलेले सैनिक घरीं आणण्याच्या कामीं ‘कात्सुरागी’चा उपयोग झाला, आणि मग तें मोडीत निघालें.

कोणी म्हणेल, मास्तर, हा सारा पैशाचा खेळ. अमेरिका श्रीमंत, जपान गरीब, यांत शाळेचें कौतुक कशाला? आक्षेपांत तथ्य आहे. ‘एसेक्स’ वर्गाचें पहिलें जहाज १९४२ च्या अखेरच्या दिवशीं आरमारांत दाखल झालें, आणि युद्ध संपेपर्यंत त्याच्यासारखीं सतरा झालीं. इतकें बांधण्याची ऐपत जपानला नव्हती. पुढें पुढें शिकाऊ विमानांना पेट्रोलहि पुरेनासें झालें. पण १९४१ सालीं, पेट्रोल व निष्णात वैमानिक दोन्ही हातीं असतांना, त्यांतले थोडे शिक्षक म्हणून मागें ठेवावयास पैसा लागत नव्हता. लागत होती ती केवळ दूरदृष्टि. आणि आपले हिरे कांहीं काळ दृष्टिआड ठेवण्याचा धीर.

हें म्हणतांना मी स्वतःला वगळीत नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठीं वर्गांतून आठ-दहा हुशार मुलें निवडावयाचीं, सारा वेळ त्यांच्यावर खर्च करावयाचा, आणि त्यांचीं नांवें फळ्यावर झळकलीं कीं शाळा उत्तम चालली असें मानावयाचें, हेंच मीं तीस वर्षें केलें. पहिलीच्या वर्गावर मात्र नेहमीं सर्वांत नवखा शिक्षक पाठवावयाचा. माझीहि चाळणी जपानी आरमाराचीच होती. ‘विक्रांत’वर तो प्रश्न विचारणारा मुलगा माझ्या निवडक आठ-दहांत कधींच नव्हता, हें येथें कबूल करावयास हवें.

शेवटीं एका विमानाची गोष्ट सांगून आपली रजा घेतों. मिडवेच्या लढाईंत त्या बेटावरून उडालेलें ‘डॉंटलेस’ जातीचें एक बाँबर विमान दोनशेंच्या वर भोंकें पडलेल्या स्थितींत, एका चाकावर, परत उतरलें. तें मोडीत काढलें नाहीं, कीं मखरांत बसविलें नाहीं. दुरुस्त करून शिकाऊ वैमानिकांच्या हातीं दिलें. १९४३ सालीं कोणा शिकणाऱ्याच्या हातून तें मिशिगन सरोवरांत पडलें, आणि पन्नास वर्षें तळाशीं राहिलें. १९९४ सालीं तें वर काढण्यांत आलें. पुढें तें पेन्साकोला येथील आरमाराच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. लढाईवरून परतलेलें विमानसुद्धां ज्यांनीं शाळेंत पाठविलें, त्यांचें बळ जहाजें मोजून कळणारें नव्हतें.